उसनं इंजिन

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. भोरला भाताच्या गिरणीमागे, पत्र्याच्या आडोशाला मी उभी आहे. माझ्या गादीत कोंबड्या अंडी घालतात. माझी कीव करू नका. मला राग कशाचा येतो तेवढे मात्र ऐका.

माझा जन्म विलायतेतला. मोठ्या मोटारी सरदारांसाठी असत. मी चार माणसांच्या संसारी घरासाठी होते. थोड्या पेट्रोलवर चालावे, आब राखून जावे-यावे, एवढेच माझे काम. माझे इंजिन लहान होते. पण चाके, सांगाडा आणि तारेचे ब्रेक या सगळ्यांना ते शोभत होते. ज्यांनी मला घडवले त्यांनी एकाच्या मापाने दुसरे बेतले होते.

भोरच्या आनंदरावांनी मला घेतले. ते तांदळाचे व्यापारी. त्यांची बायको रतनबाई दसऱ्याला माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. माझा ड्रायव्हर गेनबा हा गुंजवण्याचा. आधी तो बैलगाडी हाकायचा, म्हणून चढ आला की मलाही म्हणायचा, "हां बाई, हां! झालंच आता." आणि मी चढायचे. कात्रजचा घाटसुद्धा मी हळूहळू का होईना, न थांबता चढले आहे. रतनबाईच्या आईला पुण्याच्या दवाखान्यात मीच नेले आणि बरी झाल्यावर मीच परत आणले. त्या काळात सगळे मला गुणाची म्हणायचे.

पुढे आनंदरावांचा व्याप वाढला, तसे माझ्यावरचे ओझेही वाढले. चार माणसांच्या जागी सात बसू लागली. मागे तांदळाची पोती बांधली जाऊ लागली. अशीच लादून एकदा एका लग्नाला मला पुण्याला नेले. घाटात माझे पाणी उकळले. माणसांनी खाली उतरून मला ढकलले. तेवढ्यात एका व्यापाऱ्याची मोठी मोटार बाजूने गेली. तो व्यापारी मान बाहेर काढून ओरडला, "आनंदराव, दोर देऊ का? बांधून ओढतो तुमचं खेळणं!"

सगळी हसली. आनंदरावांचे कान लाल झाले. माझ्या इंजिनाचे काय होणार ते तिथेच ठरले होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, "हिचं इंजिन बदलायचं. मोठं घालायचं. घाटात सगळ्यांच्या पुढं काढीन."

रतनबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. "चौघं बसलो तर चढते की ती. पोती उतरवा, झालं."

"पोती उतरवू? मग मोटार कशाला ठेवली?"

"गाडी चढली नाही म्हणून राग आलाय, का चारचौघांत हसं झालं म्हणून?"

आनंदराव उठून बाहेर गेले. त्यांनी पुण्याहून मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने मला आतून बाहेरून पाहिले आणि सांगितले, एका मोडीत निघालेल्या मोठ्या मोटारीचे इंजिन मिळेल, थोडे कापून-जोडून बसेलही. पण ब्रेक, चाके, धुरा हे सगळे बदलावे लागेल.

"त्ये बराबर हाय, मालक," गेनबा म्हणाला. "पळंल लई. पर थांबायची कशी?"

"ते पुढं बघू," आनंदराव म्हणाले. "आधी इंजिन बसवा."

पुढं बघू! मित्रांनो, त्या दोन शब्दांनी माझे पत्रे तापले. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते. माझे इंजिन बाहेर काढले आणि एका मळेवाल्याला पाणी ओढायला विकून टाकले. त्या जागी दुसऱ्याचे, माझ्या अंगाला न पेलणारे इंजिन बोल्टांनी आवळले. ते सुरू झाले की माझे दार थरथरायचे आणि पुढची चाके रस्ता सोडल्यासारखी हलकी व्हायची.

पण कौतुक काय सांगू! पोत्यांसकट घाट चढले, वाटेतल्या दोन मोटारी मागे टाकल्या. आनंदराव मिशीला पीळ देत बसले. आणि गेनबा? ज्याने ब्रेकची काळजी केली तोच घाटमाथ्यावर ओरडला, "पळ गं माजी वाघीन!" रतनबाईही हसली. कोणीच माझ्या ब्रेकांकडे पुन्हा पाहिले नाही. तेच सगळ्यांचे हसणे मला आजही डाचते.

दिवाळी झाली होती. ऊन कोवळे होते. पुण्याहून परत येताना भाटघरच्या अलीकडच्या उतारावर वळण होते, आणि वळणापलीकडे बिरू धनगराची मेंढरे रस्ता ओलांडत होती. गेनबाने ब्रेक दाबला. तार ताणली गेली, करकरली आणि तुटली. मी थांबले नाही. मला थांबता आलेच नाही. मेंढरांना सोडवायला बिरू मध्ये धावला. मी काही मेंढरे आणि त्याचा पाय चिरडून बांधाला धडकले तेव्हा कुठे माझी चाके थांबली.

बिरूची बायको पारूबाई धावत आली. त्याचे डोके मांडीवर घेऊन तिने आपल्या पदराने त्याचा पाय बांधला. आणि आनंदराव काय म्हणाले असतील?

"मेंढरं रस्त्याच्या मधे आणलीच कशाला?"

"ह्यो रस्ता आमच्या पायाखालचा हाय, मालक," पारूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमची गाडी थांबली का न्हाई, त्येवढं सांगा."

मागच्या सीटवरून रतनबाई उतरली आणि म्हणाली, "थांबवायचा विचार आम्ही केलाच नाही, बाई. पळवायचाच केला."

बिरूला दवाखान्यात न्यायला गेनबा मला मागे घेऊ लागला. पण मागे यायला मी धड होते कुठे? आणि धड असते तरी पारूबाई म्हणालीच, "त्या गाडीत मी त्येला न्हाई घालनार." एका बैलगाडीत बिरूला भोरला नेले. रतनबाई त्या गाडीमागून अनवाणी चालत गेली, आणि थोड्या वेळाने आनंदरावही.

बिरूचा पाय वाचला, पण ताठ राहिला. डोंगरावर मेंढरांमागे फिरणे संपले. पुढे एकदा तोच हसणारा व्यापारी भोरच्या बाजारात म्हणाला, "धनगराचीच चूक." तेव्हा आनंदराव सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही. चूक माझी. त्याचं नाव घेऊ नका." मेलेल्या मेंढरांच्या जागी त्यांनी आपल्या हाताने दुसरी आणून बांधली. हे त्यांनी केले, ते मी लपवत नाही. पण त्याने बिरू डोंगर चढला नाही.

मग महायुद्ध आले. पेट्रोल मोजून मिळू लागले आणि ते राक्षसी इंजिन कोणाला परवडेना. ते काढून नेले. माझे स्वतःचे इंजिन मळ्यात झिजून गेले होते. अशी मी इथे आले.

मित्रांनो, यंत्राचा अंगचा जोर कमी असेल तर त्याला तेल द्या, ओझे कमी करा, हळू जा. जोर वाढवायचाच असेल तर आधी त्याला आवरणारे हातपाय बळकट करा. आपला मान राखायला यंत्राला भरीस घालू नका; त्याच्या पुढ्यात कोण येईल हे तुम्हाला ठाऊक नसते.

गेल्या बाजाराला पारूबाई गिरणीवर आली होती. मेंढरे आता ती एकटी राखते. गिरणीत पाखडायला असणाऱ्या धोंडाबाईने माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारले, "ही मोटार कवा मोडली गं?"

पारूबाईने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले.

"मोडली," ती म्हणाली, "पर लई उशिरा मोडली."