माझ्या शेपटाची तार शाबूत आहे

मी विमान बोलतोय. दचकू नका, तुमच्या डोक्यावरून घरघरत जाणारं, पोटात माणसं भरलेलं ते मोठं धूड मी नव्हे. ती बिचारी सरळ जातात नि सरळ येतात, घाण्याच्या बैलाला कंटाळा येईल अशी. मी रिमोटवर उडणारं विमान. पंखांसकट दारातून न्यायचं तर तिरकं धरावं लागतं, एवढाच माझा पसारा. पण एका घारीनं एकदा माझी कोलांटी बघितली, आणि ती इतकी खजील झाली की पुढचे दोन दिवस पायी हिंडत होती. खोटं वाटत असेल तर घारीला विचारा.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकानाचा मालक तोच माझा धनी. भिंगं घासायच्या यंत्राशेजारी बसून त्यानं माझ्या फासळ्या कापल्या. लाकूड इतकं हलकं, की शिंक आली तर तो आधी तोंड फिरवायचा. अंगावरचं प्लॅस्टिकचं कातडं मात्र त्याच्या बायकोनं घरच्या इस्त्रीनं चढवलं. पाठ निळी, पोट पिवळं. आकाशात मी उलटा आहे की सुलटा, हे खालच्याला कळायला हवं ना!

"तुमच्या शर्टांना कधी इतक्या मायेनं इस्त्री केली नाही मी," ती म्हणाली.

"शर्ट कधी उडाले नाहीत ना माझे," तो म्हणाला.

मी उडायला लागलो त्याच वर्षी ती गेली. आजार अगदी थोडक्या दिवसांचा. त्यानंतर चष्मेवाला दिवसभर गिऱ्हाइकांना "हे अक्षर दिसतंय? आणि हे?" एवढंच विचारायचा. दुकान बंद झालं की तेही विचारायला कुणी नसायचं. मग तो मागच्या खोलीत येऊन माझ्या पंखांवरची धूळ पुसायचा. नसलेलीसुद्धा.

एका रविवारी तिचे वडील आले, तिचे काही कपडे न्यायला. बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेलेला. चष्मेवाला तेव्हा मला काखेत मारून मैदानाकडे निघाला होता. दोघे दारातच अडले. दोघांना जोडणारी मुलगीच गेल्यावर सासरा आणि जावई एकमेकांचे नेमके कोण, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. "येताय का?" हा म्हणाला, विचारायचं म्हणून. सासरेबुवा निघाले, नाही कसं म्हणायचं म्हणून.

तेव्हा चष्मेवाला अवघड कसरती शिकत होता. मला कुशीवर झोपवून न्यायचं, नाकावरच्या पंख्याच्या जोरावर हवेत उभं लटकवायचं, पाठीवर पाडून जमिनीलगत पळवायचं. पाठीवर असलो की माझा सगळा व्यवहार उलटा होतो. एरवी रिमोटची दांडी ओढली की मी वर चढतो. पाठीवर असताना ओढली तर थेट जमिनीत. तेव्हा वर जायला ढकलावी लागते. डोक्याला हे पटकन कळतं, अंगठ्यांना कळायला वर्षं जातात. त्यात डोळे माझ्यावरून क्षणभरही हलवायची सोय नाही. म्हणून कसरतींचा क्रम कार्डावर लिहितात, आणि कुणीतरी मागे उभं राहून तो पुकारत जातं. चष्मेवाल्याला पुकारणारं कुणी नव्हतं. तो आपला आपणच पुटपुटायचा आणि मध्येच विसरायचा.

"द्या ते कार्ड इकडे," सासरेबुवा म्हणाले, आणि त्यांनी घसा साफ केला.

काय आवाज तो! "कोलांटी! कोलांटीनंतर पाठीवर! जावईबापू, घाई नको... आता सुलट! ओढा!" मैदानाच्या कडेला चरणाऱ्या शेळ्या गाडी लागली असं समजून रांगेत उभ्या राहिल्या. एक तर सुट्टे पैसे शोधत होती. मी वरून पाहिलंय.

त्या दिवसापासून दोघांचे रविवार लागले. माझ्या कसरतीही सुधारल्या. पुकारणाऱ्याच्या भरवशावर अंगठे निर्धास्त चालतात. कानांनी ऐकलं की अंगठ्यांनी केलं, मध्ये डोक्याला विचारायची गरजच नाही.

"ही गिरकी होती, की विमानाच्या कमरेत उसण भरली?" सासरेबुवा विचारायचे.

"वारा होता, बाबा."

"माझ्या टोपीला नाही लागला तो."

तिच्याबद्दल ते बोलत नसत. एकदाच, मला उचलून गाडीत ठेवताना सासरेबुवांचा हात माझ्या पोटावरच्या चुणीवर थांबला. "इथे इस्त्री नीट फिरली नाही वाटतं."

"घाईत होती," चष्मेवाला म्हणाला.

बस्स. मग वाटेतल्या थांब्यावर सासरेबुवा उतरले, "येतो" म्हणाले आणि आपल्या रिकाम्या घरी गेले. हा आपल्या रिकाम्या घरी आला. पण दोघांकडे पुढचा रविवार होता.

आता एक गोष्ट सांगतो, जी फक्त मला ठाऊक होती. एका सकाळी मी पाठीवर, त्यांच्या पुढ्यातून अगदी खालून चाललो होतो. सासरेबुवांच्या हातातलं कार्ड मला स्वच्छ वाचता आलं. मी उलटा असताना मला ते सुलटं दिसलं, म्हणजे त्यांनी ते कसं धरलं असेल? कार्ड त्यांना आता दिसतच नव्हतं. चष्मेवाल्याच्या तोंडून ऐकलेला सगळा क्रम ते पाठ म्हणत होते.

चष्मेवाल्याला संशय नव्हता असं नाही. अख्ख्या गावाच्या नाकावर त्यानं चष्मे चढवलेले. "बाबा, या ना एकदा दुकानात, डोळे बघू," तो म्हणाला होता.

"जावयानं डोळे तपासायचे? उद्या दाढीही तुम्हीच कराल!" सासरेबुवा हसले. याला पुढे बोलवेना. रविवारी येणारच नाही म्हणाले तर, ही धास्ती.

आणि मग तो रविवार. क्रम नवा होता, आदल्याच आठवड्यात ठरलेला. मी पाठीवर, गवताच्या शेंड्यांवरून सुसाट. पुढचा शब्द 'सुलट', त्यानंतरचा 'ओढा'. सासरेबुवांचा एक शब्द गळाला.

"ओढा!"

अंगठ्यानं ओढलं.

पुढचं मी तिखटमीठ लावून सांगितलं असतं, पण मला आठवतं ते एवढंच, की नाकात माती होती आणि फार शांत होतं.

"काय झालं?" सासरेबुवांनी विचारलं. मी पडलो तेही त्यांना दिसलं नव्हतं. "जावईबापू, काय झालं? मी काय म्हणालो?"

चष्मेवाला गुडघ्यांवर बसून माझे तुकडे गोळा करत होता. "बरोबर म्हणालात, बाबा. शेपटाची तार तुटली."

माझी तार! अहो, नाक फुटलं, पंख मोडला, सगळं कबूल. पण शेपटाची पट्टी हलवणारी ती तार ताठ होती, आजही आहे. थापा मारण्याचा मक्ता आजवर माझा होता; त्या दिवशी माझ्यावरच थाप मारली गेली. म्हटलं, माझ्या बदनामीनं यांचे रविवार टिकत असतील तर टिकू देत.

टिकले नाहीत. पुढच्या रविवारी सासरेबुवा आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. चष्मेवाल्यानं मला सांधलं, जोडलं, नवा पंख बसवला आणि घेऊन त्यांच्या घरी गेला.

"तार नवी घातलीय, बाबा. येताय ना?"

"तारेचा काय भरवसा," ते म्हणाले. "राहू दे इथेच. बघतो मी जरा."

चष्मेवाला उंबऱ्यात वळला. चुकलात तर चुकलात, एवढं म्हणायला तोंड उघडलंही होतं त्यानं. मग चपला घालून गेला.

त्याची पाठ वळताच सासरेबुवांनी माझं शेपूट चाचपलं. तार बोटांनी शेवटपर्यंत तपासली, हलकेच ओढली. पट्टी हलली. जुनीच तार, जुनंच वळण, कुठे जोड नाही. ते कितीतरी वेळ तशीच ती चिमटीत धरून बसले. मग माझ्या चाकांना दोरी बांधून त्यांनी मला खिडकीशी टांगलं. चाकं वर, म्हणजे मी पाठीवर.

तेव्हापासून मी इथे आहे. रविवारी सासरेबुवा लवकर आवरतात, बूट घालून पलंगाच्या कडेला बसतात. फोन वाजतो.

"बाबा, येताय?"

"तार अजून ढिली वाटतेय."

"हं," तिकडून आवाज येतो. "असेल. मग पुढच्या रविवारी बघू."

दोघांनाही सगळं माहीत आहे, आणि दोघांनी मिळून ते माझ्या शेपटाला बांधून ठेवलंय. तुमचं कधी त्या दुकानात जाणं झालं, तर 'हे अक्षर दिसतंय?' म्हणून विचारणाऱ्या माणसाला एवढंच सांगा, की फोन नको करू, ये. आणि खरं बोल. सासरेबुवा पुकारताना चुकले, तुझं विमान पडलं, त्यानं कुणाचं नातं तुटत नाही.

फोन ठेवल्यावर सासरेबुवा माझ्या मागे येऊन उभे राहतात. घसा साफ करतात. त्या लहानशा खोलीत, अगदी हळू आवाजात, पुकारू लागतात. "कोलांटी. कोलांटीनंतर पाठीवर. जावईबापू, घाई नको..."

आणि थांबतात. ओठ हलतात, पण 'सुलट' बाहेर येत नाही.

म्हणा ना, बाबा. एकदा चुकलात म्हणून काय मी जन्मभर पाठीवरच राहू?