काळ्या माशाचं गिऱ्हाईक

जानेवारीची वीस तारीख उलटली तरी वोल्सुनच्या अंगणातला पारा शून्याखाली उतरायला तयार नव्हता. सकाळपासून ती सहाव्यांदा बघून आली. मघाशी चार होता, आता पाच. "बघून बघून थंडी पडणार आहे का, बाई?" तिनं स्वतःलाच दरडावलं, दोन वाट्या विसळल्या आणि ओल्या हातानं पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

समोर दुमजली लाकडी मांडवांवर बावीस हजार म्योंगते मासे टांगलेले. रात्री कडकडून गोठायचं, दुपारी उन्हानं जरा सैल पडायचं, असं तीन-चार महिने चाललं की हा मासा पिवळाधमक आणि भुसभुशीत होतो. कोरियातल्या गँगवॉनच्या या खिंडीतलं गाव दोन पिढ्या त्याच्यावर जगलं. पण थंडीनंच दगा दिला तर मासा काळा पडतो, आणि गेल्या सात हिवाळ्यांत पाच वेळा तो काळा पडला होता. वोल्सुनचा नवरा मानबोक, म्हणजे खिंडीतला सगळ्यात नावाजलेला वाळवणारा, काळा मासा परसात खड्डा खणून पुरायचा. मेलेलं जनावर पुरावं तसा, कुणाला दिसू नये म्हणून.

शेजारच्यांनी मांडव मोडून तिथे तंबू ठोकले, शहरातली माणसं येऊन मांस भाजून खातात. हाही हंगाम बुडाला तर वसंतात आपलेही मांडव मोडायचे आणि लेकीकडे सुवॉनला अकराव्या मजल्यावर जाऊन बसायचं, हे दोघांत ठरून चुकलं होतं. अकराव्या मजल्यावर मानबोक काय करणार? भिंतींकडे बघून बघून वर्षात झुरून मरेल, हे वोल्सुनला लख्ख दिसत होतं.

म्हणून तर तिनं त्याला न विचारता तो उद्योग केला होता. बदलत्या हवेत गावोगावचे धंदे तगावेत म्हणून जिल्हा कचेरीनं नेमलेली हेरिन नावाची पोरगी महिनाभर खेटे घालत होती. "मावशी, सोलच्या बिअरच्या दुकानांत पोरं हाच काळा मासा भाजून खातात. मऊ लागतो म्हणतात. तुम्ही पुरताय काय!" वोल्सुननं मांडवावरच्या काळवंडलेल्या माशांचा नमुना गपचूप पाठवला आणि आज गिऱ्हाईक स्वतः येणार होतं. नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं. दहा दिवस शब्द ओठावर येऊन परत जात होते.

शेवटी मांडवाखाली जाऊन तिनं एका दमात सांगून टाकलं.

मानबोक वरच्या फळीवर उभा होता. "काळा मासा? माझ्या नावानं?"

"गावाच्या नावानं."

"म्हणजे माझ्याच! अगं, बापानं माझ्या कानाखाली जाळ काढला होता एका काळ्या माशापायी. एका! आणि तू पाकिटं भरून विकायला निघालीस? लाज गुंडाळून ठेवलीस की काय?"

"हो, ठेवली! आणि लाजेचं काय लोणचं घालायचंय? खड्डा खणून खणून तुमची कंबर गेली, तुमच्या आभाळाला आली का दया?"

तो पाठ फिरवून मासे चाचपत राहिला. तेवढ्यात गाडी आलीच.

हेरिनच्या मागून ग्वाक उतरला. चाळिशीचा, अंगात पातळ जाकीट, सोलमध्ये शंभरेक दुकानं. वोल्सुननं शेगडीवर मासा भाजला, हिरवी मिरची घातलेला सोया सॉस पुढे ठेवला. ग्वाकनं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, बोटं चाटली. वोल्सुन त्याच्या जबड्याकडे बघत उभी. पाय जागेवर ठरेनात, म्हणून उगाच निखारे सारखे करत होती.

"मावशी, झकास आहे. सगळा घेतो." तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो पुढे म्हणाला, "पण एक अडचण आहे. मला पाच वर्षांचा करार लागतो. या वर्षी काळा आणि पुढच्या वर्षी कडक थंडी पडून सगळा पिवळा झाला, तर मी पाट्या छापून करू काय? दर वर्षी असाच काळा होईल, हमी देता?"

हेरिननं वोल्सुनकडे पाहिलं. हवेची हमी? या घरात असला शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. नाही म्हणावं तर मांडव गेले, हो म्हणावं तर कुठल्या तोंडानं?

"साहेब, थंडीचं काय सांगावं..." ती चाचरली.

मांडवाची शिडी करकरली. मानबोक खाली आला. त्यानं शेगडीवरचा मासा उचलला, मधोमध फाडला, हुंगला, काळपट मांस अंगठ्यानं दाबून पाहिलं. आता हा मासा शेगडीत भिरकावतो की गिऱ्हाइकाच्या तोंडावर, असं वोल्सुनला वाटलं.

"मिळेल," तो म्हणाला.

"पाच वर्षं?"

"पाच काय, दहा लिहा."

"काका, म्हणायला सोपं आहे. कडक थंडी पडली तर?"

मानबोकनं डोंगराकडे मान वर केली. चाळीस हिवाळे तो त्या डोंगराकडे थंडीच मागत आला होता.

"नाही पडणार," तो म्हणाला. "आणा कागद."

हेरिननं टाळीच वाजवली. ग्वाक गाडीतून कागद आणायला धावला. दहा दिवस वोल्सुनला हाच होकार हवा होता, पण आता वाटलं, यानं आरडाओरडा केला असता, मासा तोंडावर फेकला असता तर बरं झालं असतं. ती तिथेच शेगडीपाशी बसली आणि सगळ्यांदेखत रडू लागली.