पृथ्वीची कंबर

"अंतर मोजायचं तर दोरा गोळ्यावर ताण, पोरी. कागद सपाट असतो, पृथ्वी नाही."

शाळामास्तर वडिलांचं हे वाक्य शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला आठवलं, तेव्हा तिचा मुलगा भिंतीवरच्या नकाशाला फूटपट्टी लावून उभा होता. तो फरशा बसवायचा. दोन टोकांत सूत ताणलं की तीच सरळ वाट, हा त्याचा धर्म. बारा वर्षांत एक फरशी वाकडी गेली नव्हती.

समुद्रापलीकडच्या शहरात तिच्या ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. शुक्रवारी सकाळी डोळे उघडायचे होते. "पहिली मीच दिसेन तुला," असा शब्द तिने ताईला दिला होता. आडवा आला तो पाय. मागच्या वर्षी पोटरीत गुठळी झाली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एका प्रवासात विमानात एकूण चौदा तासांच्या वर बसायचं नाही.

मुलाच्या फूटपट्टीने अंतर सतरा हजार किलोमीटर भरलं. दोन ठिकाणी विमान बदलून हवेतच वीस तास, असं तिकीट त्याने शोधलंही होतं. एवढ्या लांब थेट विमान जाईलच कसं, म्हणून त्याची चौकशी केलीच नव्हती. जाणं रद्द म्हणून त्याने सांगून टाकलं. फोनवर ताईही म्हणाली, राहू दे गं, जीव महत्त्वाचा.

बाईने फोन खाली ठेवला. वडिलांचा पृथ्वीचा गोळा तिने मशीनवर आणून ठेवला. चाळीस वर्षं रोज सकाळी आंघोळ झाल्यावर ती तो पुसायची, एक दिवस चुकला नव्हता. आज मात्र तिने गळ्यातली मापाची टेप काढून गोळ्याभोवती गुंडाळली.

"कंबर घेतेस काय पृथ्वीची?" मुलगा हसला. "काय शिवणार, झगा?"

"घेर बरोबर शंभर सेंटिमीटर," ती म्हणाली. "खरा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे सेंटिमीटरला चारशे."

मग पांढरा दोरा तिने एका शहरावर अंगठ्याने दाबला, दुसऱ्यावर बोटाने, आणि ताणला. दोरा आपसूक वर सरकला, समुद्र सोडून उत्तरेच्या बर्फावरून गेला. टेपवर अठ्ठावीस भरले.

मुलगा पुढे झाला. स्वतःच्या हाताने ताणून पाहिला. पुन्हा अठ्ठावीस.

"अकरा हजार दोनशे," तो पुटपुटला. ताशी साडेआठशेने भागलं, तर तेरा तास आणि वर थोडी मिनिटं. त्याने तिकीट कचेरीत फोन लावून विचारलं, उत्तरेवरून थेट विमान जातं का? तिथल्या बाईने सांगितलं, थेट विमान आहे की, बुधवारी दुपारी निघतं. बर्फावरून जातं, तेरा तास वीस मिनिटं. मग तिने विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला?

"आमच्या आईने," तो म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "दोऱ्याने मोजलं."

डॉक्टरांनीही मान डोलावली. पायात घट्ट मोजे घाला, तासातासाने उठून चाला, एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तिन्ही घरांत मुलगा गोळा काखेत मारून दोरा ताणून दाखवून आला होता.

बुधवारी उजाडताच तिने गोळा पुसला, तो पांढरा दोरा रिळावर गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि मुलाला न उठवता पायात मोजे चढवायला बसली. तो आधीच दाराशी बॅग घेऊन उभा होता. ती उठली, उंबऱ्याला हात लावला आणि हळूच पायरी उतरली.