केल्पनं दिलेले दोन हिसके

पाण्याखालच्या माणसाच्या हवेच्या नळीला वरून एक हिसका द्यायचा. खालून दोन आले की सगळं ठीक. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या आमच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या सकाळी माझा धाकटा भाऊ एल्रॉय केल्पच्या, म्हणजे झाडासारख्या उंच समुद्री शेवाळाच्या रानात पर्लेमून काढायला उतरला होता. तळहाताएवढे शिंपले, चोरीचेच, लाजायचं काय त्यात! नळी कर्नील्सकाकांच्या हातात होती. होडीत हवेचा पंप धडधडत होता आणि मी हवेचा सिलिंडर शेजारी ठेवून माझी उतरायची पाळी यायची वाट बघत होते.

"बुडबुडे दिसतात का हो, काका?"

"या धुक्यात मला माझं नाक दिसेना, बुडबुडे कुठले! हे बघ." काकांनी हिसका दिला. नळी दोनदा ताणली. "ठणठणीत आहे तुझा लाडोबा. माझी बायको इतक्या पटकन उत्तर देत नाही."

मी हसले. तेवढ्यात इंजिनाचा धूर तोंडावर आला आणि खोकला लागला. वारा फिरला होता. पंप जिथून हवा ओढतो ते तोंड माझ्या शेजारीच होतं.

"काका, त्याच्या हवेत धूर जातोय! वर ओढा त्याला!"

"अगं, पिशवी भरतोय तो, उगाच ओढलं तर शिव्या घालेल." त्यांनी पुन्हा हिसका दिला. पुन्हा दोन आले. "बघ! जन्म गेला माझा नळी धरण्यात. हा हात फसत नाही."

"चुलीत घाला तो हात!" मी सिलिंडर पाठीवर चढवला आणि उडी मारली.

थंडीनं डोकं आवळलं. नळी धरून मी खाली गेले. मनगटाएवढे केल्पचे देठ सगळीकडे डुलत होते. जांभळे समुद्री साळू, नारिंगी तारामासे, खडकाखाली झोपलेला पट्टेरी शार्क, सगळं रोजच्यासारखं मजेत चाललेलं. मला त्या सगळ्यांचा संताप आला. अर्ध्या वाटेत नळीनं एका जाड देठाला वेढे घातले होते. लाट आली की देठ वाकायचा आणि नळीला ओढायचा, परत फिरताना आणखी एकदा. त्याच्यापुढे नळी नुसती सैल पडली होती.

तिच्या टोकाला एल्रॉय होता. डोळे उघडे, नळी तोंडातून निसटलेली. मी माझी हवा त्याच्या तोंडात कोंबली, ओठ दाबून धरले. हवा बाजूनं निघून गेली. किती वेळा केलं मला आठवत नाही.

वरून हिसका आला. काका विचारत होते. मेलेल्या माणसासाठी आमच्याकडे हिसका नाही. मी नळीला हात लावला नाही. लाट आली, देठ वाकला, आणि माझ्यादेखत उत्तर गेलं.

त्याचा वजनाचा शिशाचा पट्टा सोडून मी त्याला वर आणलं. काकांनी त्याला होडीत घेतलं, पण नळी काही सोडली नाही.

"आत्तासुद्धा दोन आले गं, मर्ल," ते म्हणाले. "देवाशपथ आले."

भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"आले, काका. मी बघितले."