कोरी चकती

सकाळचे नऊ वाजले होते. लॅबमधल्या, जंतू वाढवायच्या उबदार कपाटाच्या, म्हणजे इनक्युबेटरच्या दाराशी धाकटीचा हात घुटमळत होता. आत बाबांच्या पायाचा निकाल होता आणि बारा वाजता डॉक्टर वॉर्डात येणार होते.

बाबा हाडाचे सुतार. पटाशी बोटात घुसली की कुंपणावरचा कडू पाला चुरगळून लावायचा नि पुन्हा कामाला लागायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. या खेपेला मात्र तळपायाची जखम चिघळली. त्यातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देईनात. डॉक्टरांनी तीन दिवसांपूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं, की पाऊल घोट्यापासून काढा, उशीर करू नका.

धाकटी त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला. तिने काय करावं? बाबांच्या जखमेतले जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरले, त्या पाल्याचा अर्क स्पिरिटमध्ये काढला, त्यात कागदाची चकती भिजवून मधोमध ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती नाण्याएवढं स्वच्छ गोल रिंगण! जंतूंचा मागमूस नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला? ती फोटो घेऊन धावत वॉर्डात गेली. बाबांनी छाती फुगवून डॉक्टरांना सांगितलं, दोन दिवस थांबा, माझी पोरगी औषध काढतेय. दादा आधी कुरकुरला, पण बुडत्याला काडीचा आधार. तोही पोतंभर पाला घेऊन आला.

काल लॅबच्या मॅडमनी ती प्लेट उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "कोरी चकती कुठाय?"

ती धाकटीने ठेवलीच नव्हती. अर्क स्पिरिटमध्ये काढला, तर शेजारी नुसत्या स्पिरिटची चकतीही ठेवायची असते. नाहीतर जंतू पाल्याने मेले की स्पिरिटने, हे कळणार कसं? आणि चकत्या आधी खडखडीत वाळवायच्या असतात, म्हणजे त्यातलं स्पिरिट उडून जातं. चौदा वर्षं याच दोन गोष्टींवरून तिने नवशिक्या मुलींना फैलावर घेतलं होतं. आणि स्वतःच्या बापाच्या वेळी? विसरली म्हणावं तर तेही खोटं. तिला थांबायचंच नव्हतं. मेली घाई!

कालच तिने नव्याने तीन चकत्या लावल्या होत्या. आता तिने दार उघडून प्लेट बाहेर काढली. पाल्याची ओली चकती, भोवती रिंगण. कोरी ओली चकती, तेवढंच रिंगण. आणि पाल्याची नीट वाळवलेली चकती? जंतू तिच्या काठाला अगदी खेटून वाढले होते.

ती प्लेट तशीच ठेवून वॉर्डाकडे निघाली. जिन्यात दोनदा थांबली. खोटं बोलावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

"बाबा, पाल्याने काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "ते स्पिरिट होतं. मी तपासून बघायचं टाळलं."

दादाने तोंड फिरवलं.

"गुण्या लावून काटकोन न बघताच चौकट ठोकलीस की गं," बाबा म्हणाले.

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं.

डॉक्टर बाराच्या आधीच आले. पाय दाबून बघितला, पट्टी अजून वर सोडवली, पुन्हा दाबला. मग पेनने पायावर रेघ मारली. ती घोट्यावर नव्हती, पोटरीच्या मध्यावर होती.

बाबा उठून बसले. जन्मभर लाकूड मापलेला हात त्यांनी घोट्याशी टेकवला, अंगठा नि करंगळी ताणली. करंगळी बरोबर रेघेवर आली.

"थांबण्यात वीतभर पाय गेला," ते म्हणाले.

मग त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही करायला पेन मागितलं. ते धाकटीनेच त्यांच्या हातात दिलं.