मऊ केलेला डावा बूट

सकाळी सगळ्यांच्या आधी वर्गाला येऊन, जिला सगळे 'मांजर' म्हणत ती मुलगी जिन्यात बसली आणि नवा डावा बूट पायरीवर आपटू लागली. बॅलेचे हे सॅटिनचे बूट दिसायला नाजूक, पण टोकाला महाकडक. उडीवरून उतरताना ठक्कन वाजतात, म्हणून प्रत्येक मुलगी ते थोडेफार आपटून मऊ करतेच. उजव्याला तिने दहा तडाखे दिले होते. डाव्याला चाळीस दिले, तरी तिचं समाधान होईना.

मध्येच आईचा फोन आला. "पाय बरा आहे ना गं?"

"ठणठणीत आहे."

"मग आवाज का असा?"

"जिन्यात आहे, आई. ठेवते."

तीन आठवडे डाव्या पावलातलं एक हाड ठणकत होतं. पाऊल अलगद टेकेना, धपकन पडायचं. आणि शिकवणाऱ्या बाई उड्या बघत नसत, ऐकत! वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहत आणि आवाजावरून माणूस ओळखत. हिचं उतरणं ऐकू येत नाही म्हणून 'मांजर' हे नाव त्यांनीच पाडलेलं.

पुढच्या वर्षी वर्गात कुणाला ठेवायचं, ती यादी आज दुपारी लागणार होती. गेल्या वर्षी एका बिचारीने ऐन यादीच्या तोंडावर पाय दुखतो म्हणून खरं सांगितलं. आठवड्याभरात सरावाला धरायच्या दांडीजवळच्या तिच्या जागेवर दुसरी उभी राहिली. ती दुसरी म्हणजे मांजरच. म्हणून तर तिला इतकी भीती वाटत होती.

दांडीचा सराव कसाबसा निभावला. मग उड्या सुरू झाल्या. बाई खिडकीकडे वळल्या आणि मांजरीने उडी घेतली. उतरताना कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली, पण बूट वाजला नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. पियानो थांबला. "मधल्या रांगेत आत्ता कोण उतरलं?"

"मी, बाई."

"वाटलंच मला! ऐका गं सगळ्यांनी, उतरणं कशाला म्हणतात ते. मांजर, एकटीने. डाव्या पायावर, आठ वेळा."

पाय दुखतोय, एवढंच तर म्हणायचं होतं. तिने दांडीजवळच्या आपल्या जागेकडे पाहिलं.

"हो, बाई," ती म्हणाली.

बूट जरा जास्तच मऊ झाला होता. पावलाला धरून ठेवेल असं त्यात काही उरलंच नव्हतं. हे तिला तिसऱ्या उडीला कळलं, तरी ती मोजत राहिली. चार. पाच. खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. सहा.

सातव्या वेळी आवाज झाला. बारीकसा, वाळकी काडी मोडावी तसा.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. "एवढं छान चाललं होतं," त्या म्हणाल्या. "बूट वाजला बघ."

मांजर जमिनीवर बसली होती, पाऊल दोन्ही हातांत धरून.

"बूट नाही वाजला, बाई," ती म्हणाली.