फिन्टनचा पहारा

आमच्या किलकारा गावातल्या पडक्या चर्चच्या आवारात जो सगळ्यात शेवटी पुरला जातो, त्याने पुढची शवपेटी येईपर्यंत फाटकावर पहारा द्यायचा, अशी रीत आहे. पाद्रीबुवा हसतात, हसोत बापडे. माझा थोरला भाऊ फिन्टन सहा वर्षं पहाऱ्यावर होता, कारण आवारात आता नव्यांना जागा नाही. पुरण्याचा हक्क उरलाय तो आमच्या घराला आणि म्हाताऱ्या मॅलकीला.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की मी नोनीवहिनीला गाडीने तिथे न्यायचो. चर्चचं छप्पर कधीच गेलंय, भिंतींवर वेली माजल्यात, आणि मधोमध तो उंच दगडी क्रूस. त्यावर कोरलेल्या आदम-हव्वेची नाकडोळे पावसाने पुसून टाकलेत, तरी लांबलांबून लोक येऊन फोटो काढतात. वहिनी क्रूसाच्या चौथऱ्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायची आणि फिन्टनला आठवड्याच्या बातम्या सांगायची. गाय व्याली, शेजाऱ्याने पुन्हा कुंपण सरकवलं. बाकीचे मेलेले झोपलेत, हा मात्र जागा आहे आणि ऐकतो, असा तिचा साधा हिशेब. मला हेवा वाटायचा. माझ्याशी जिवंतपणी कोण एवढं बोलतं?

मागच्या हिवाळ्यात मॅलकीने अंथरूण धरलं. वहिनी रोज त्याच्याकडे मटणाचं सूप घेऊन जाऊ लागली. नोनी म्हातारपणी नवा घरोबा करतेय, अशी गावात कुजबुज सुरू झाली. मीही एकदा टोमणा मारला.

"भाऊजी, तो गेला की फिन्टन सुटेल," ती म्हणाली. "मग मी कुणाशी बोलू?"

"सहा वर्षं पावसात उभा आहे तो, वहिनी."

"ठाऊक आहे. रोज रात्री त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना करते, आणि सकाळी उठून सूप चढवते."

 

मॅलकीला सगळं कळलं होतं. एक दिवस माझ्यादेखत त्याने वाटी बाजूला सारली. "नोनी, आता पुरे. तुझ्या सुपात मीठ नसतं, आणि मी दमलोय. पण सावकाश जाईन हो. जन्मात कधी वेळेवर पोचलोय मी?"

फेब्रुवारीत तो गेला. शववाहिनीचं चाक वाटेत चिखलात रुतलं. सगळे खांदे लावून ढकलत होते आणि वहिनी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडता रडता हसत होती. मॅलकीने शब्द पाळला होता.

पुढच्या रविवारी ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती टोपी घालून दारात तयार उभी.

आवारात गेल्यावर ती क्रूसापाशी बसली नाही. मॅलकीच्या ओल्या मातीजवळ गेली, थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिथे ठेवला. मग खाली वाकून हळूच विचारलं,

"मॅलकी, जाताना काही म्हणाला का रे तो?"